सहा हजारांची तपासणी : दत्तकपूर्व होम स्टडीचा आमचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आधीच सांगतो, मूल अजून घरी आलेलं नाही. त्यामुळे बाळ आलं आणि घर उजळलं, असलं काही वाचायला आला असाल तर इथे मिळणार नाही. मी त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल लिहितोय, म्हणजे घ्यायचं की नाही हे ठरेपर्यंतचा. सरकारी पद्धतीत या टप्प्यात होम स्टडी असते. आपण सहा हजार रुपये भरतो आणि दत्तक संस्थेची समाजसेविका घरी येऊन आपल्याला तपासते. आम्ही शोधत होतो तेव्हा कागदपत्रांची यादी दहा ठिकाणी सापडली, पण ती बाई घरी येऊन नेमकं करते काय, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा उद्योग.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. अठरा वर्षं गिअरबॉक्सचे शाफ्ट तपासतोय. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. दर वर्षी कस्टमर ऑडिट येतं. आठ दिवस आधी शॉप फ्लोअरवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, कॅलिब्रेशनचे स्टिकर बदलतात आणि एरवी शिव्या घालणारा सुपरवायझर सगळ्यांना "साहेब" म्हणायला लागतो. तपासणी म्हणजे काय आणि त्या दिवशी माणसं कशी वागतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

लग्न २०१२ चं. २०१७ पासून डॉक्टर सुरू. दोनदा आयव्हीएफ झालं, साडेतीन लाखांच्या वर गेले. त्यावर फार लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून कळणार नाही. दुसऱ्या वेळेनंतर बायको म्हणाली, "अहो, आता माझ्या पोटाला सुया नकोत." एवढंच. महिनाभराने तिने दत्तकाचा विषय काढला. तिचं ठरलेलं होतं. माझं काहीच ठरलेलं नव्हतं, पण तिला नाही म्हणायचीही हिंमत नव्हती. मी "बघू" म्हणालो. पुढची दोन वर्षं मी "बघू" म्हणत राहिलो.

त्या दोन वर्षांत दोन "सोपे मार्ग" आमच्याकडे चालून आले. होम स्टडीची किंमत कशाच्या तुलनेत करायची ते कळावं म्हणून तेही सांगतो.

पहिला मार्ग जिन्यात भेटला. उपचार घेतले तिथून शेवटची फाइल आणायला गेलो होतो. एक मावशी मागून आल्या, इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "दादा, एवढ्या सुया टोचून काय मिळालं? डायरेक्ट होऊन जाईल. जन्माच्या दाखल्यावर तुमचंच नाव. दोन-अडीच लाख." खरं लिहायचं तर मी लगेच नाही म्हणालो नाही. मी विचारलं, "बाळाचे रिपोर्ट मिळतात का आधी?" अठरा वर्षांची सवय.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पतसंस्थेत कॅशियर आहे. तिने एकच प्रश्न केला, "त्याची पावती मिळेल का?" विषय तिथेच मिटला. नंतर मी कायदा काढून वाचला. ठरलेल्या पद्धतीबाहेर मूल देणं-घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन विकत घेतलं तर कलम ८१, तिथे सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या दाखल्यावर आमचं नाव आलं असतं म्हणजे कुणाचं तरी नाव कायमचं खोडलं गेलं असतं, आणि पुढे त्या पोराने विचारलं असतं तर आमच्याकडे दाखवायला एक खोटा कागद असता.

दुसरा मार्ग घरातलाच. माझा मोठा भाऊ निफाडकडे असतो, द्राक्षाची बाग आहे. त्याला तीन मुलं. धाकटा तेव्हा चार वर्षांचा, मला "काका" म्हणत पाठीवर चढणारा. आईचं म्हणणं, "आपल्याच रक्ताचं लेकरू घरात हाये, आन् तुम्ही कुठं नंबर लावताय?" तिच्या डोक्यात हे वर्षभर शिजत होतं. चुलीवरचं दूध उतू जावं तसं ते एका दिवाळीत, सगळे जेवायला बसलेले असताना बाहेर आलं.

कायद्याने ते होतंही. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे, भावाचं मूल रीतसर दत्तकपत्र नोंदवून घेता येतं. बाल न्याय कायद्यातही नात्यातल्या दत्तकाची सोय आहे. भाऊ ताटाकडे बघत होता. तो "नाही" म्हणाला नाही, हेही मला दिसलं. त्या वर्षी छाटणीनंतरच्या पावसाने त्याचं नुकसान झालं होतं, आणि तिसऱ्याची फी हा विषय आमच्यात फोनवर होऊन गेला होता. मी मनात हिशोब करत होतो. पोरगा ओळखीचा, तब्येत माहीत, नाक आमच्या वडिलांसारखं. अगदी मापात.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

वहिनी काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला, पण ती भाकरी पानात आली तेव्हा एका बाजूने करपलेली होती. बारा वर्षांत तिच्या हातची करपलेली भाकरी मी पाहिली नव्हती. परतीच्या रस्त्यावर, ओझरच्या पुढे, बायको म्हणाली, "आईची लेखी संमती लागते हो कायद्यात. ती देईलही. सासूसमोर कोण नाही म्हणतं?" आम्ही दुसऱ्या दिवशी आईला फोन करून नाही सांगितलं. आई चार महिने नीट बोलली नाही. वहिनीने मात्र संक्रांतीला तिळाच्या लाडवांचा डबा पाठवला, एरवीपेक्षा मोठा.

सासुरवाडी मालेगाव तालुक्यातली. तिथे वेगळीच तऱ्हा. सासऱ्यांना सांगितलं तर ते खूश. "आमच्या कवळाण्याचं पोरगं दत्तक गेलं आणि बडोद्याचं राज्य केलं!" म्हणजे सयाजीराव गायकवाड. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ, १८७५ साली बाराव्या वर्षी महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. सासऱ्यांच्या दृष्टीने दत्तक म्हणजे बढती. मी म्हटलं, "मामा, आमच्याकडे राज्य नाही, पाथर्डी फाट्यावर वन बीएचके आहे, आणि त्याचे हप्ते २०३१ पर्यंत आहेत." पण त्यांचं ते बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. बारा वर्षांचं पोर, आईबाप हयात, भावंडं आहेत, आणि त्याला उचलून दुसऱ्या गावात नेलं. त्याला त्या पहिल्या रात्री झोप लागली असेल का? कवळाण्याच्या अभिमानात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये नोंदणी केली. केली म्हणजे बायकोने केली, मी बाजूला बसलो. घाई वयाची होती. नवरा-बायकोच्या वयाची बेरीज करतात. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर बेरीज ८५ च्या वर चालत नाही. दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००. मी ४४, ती ३९, बेरीज ८३. आणि ही बेरीज दर वर्षी दोनने वाढते, एकने नाही. हे कागदावर मांडल्यावर "बघू" म्हणायला फार जागा उरत नाही.

कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरण, यांच्या पोर्टलवर सगळं होतं. पॅन, जन्माचा पुरावा, उत्पन्न, वैद्यकीय दाखला, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं आणि लग्नाचं प्रमाणपत्र. आमची गंमत अशी की आम्ही लग्न नोंदवलंच नव्हतं. बारा वर्षं संसार करून, पत्रिका आणि फोटो घेऊन, साक्षीदार गोळा करून लग्न नोंदवायला गेलो. माझा एक साक्षीदार लग्नात वाढपी होता, त्याने तिथेही "जिलबी कमी पडली होती" हे सांगितलंच. तुमचं नोंदवलेलं नसेल तर आधी ते करा.

फॉर्ममध्ये एक पान आहे तिथे मी अडकलो. मुलगा, मुलगी की कोणतंही. वय किती. विशेष गरजा असलेलं मूल चालेल का, तर कोणत्या. समोर रकाने, टिक करायची. मला ते पान फार ओळखीचं वाटलं. पर्चेसवाले मला रोज पाठवतात तसं. बायकोने लिंगापुढे "कोणतंही" केलं. आजारांच्या यादीशी आल्यावर ती थांबली आणि माऊस माझ्याकडे सरकवला. मी एकेक नाव वाचत गेलो आणि एकेकावर नाही, नाही, नाही करत गेलो. सातव्या-आठव्या नाहीनंतर ती म्हणाली, "आपल्याला झालं असतं तर ही यादी कुठे होती?" मी म्हटलं, "मग सगळ्यावर हो करू?" ती म्हणाली, "तसंही नाही." रात्री पावणेबाराला आम्ही दोनांवर हो केलं, बाकी नाही, आणि लॅपटॉप बंद केला. ते बरोबर होतं की नाही याचा निवाडा अजून झालेला नाही.

आता कापलेला तारा. आम्हाला जी संस्था मिळाली तिचं नाव लिहीत नाही. समाजसेविका ताई उत्तम, ऑफिस वाईट. पहिल्या दिवशी अकराची वेळ दिली, पावणेदोनला आत घेतलं. वैद्यकीय दाखला "या नमुन्यात नको" म्हणून दोनदा परत केला. हे मी सोसलं, एमआयडीसीतला माणूस आहे. पण टेबलावरच्या माणसाने बाहेर बसलेल्या पाच जोडप्यांसमोर मोठ्याने विचारलं, "प्रॉब्लेम कुणात आहे? तुमच्यात की मॅडममध्ये?" त्या माहितीची त्याला गरज नव्हती, कुठल्याच फॉर्मवर तो रकाना नव्हता. बायकोने खाली बघितलं. मी म्हटलं, "प्रॉब्लेम तुमच्या आवाजात आहे." बाहेर आल्यावर मिसळ खाल्ली. इतकी तिखट होती की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येण्याचं कारण कुणाला विचारावं लागलं नाही.

त्याच ठिकाणी एका रविवारी आम्हा सहा-सात जोडप्यांना एकत्र बसवलं होतं. तेव्हा मुलं आमच्यापर्यंत येतात कशी, ते कळलं. मला वाटायचं, संस्थेत एवढी मुलं, बाहेर एवढे आईबाप, मग उशीर कशाला? तर संस्थेतली बरीचशी मुलं दत्तक देण्याजोगी नसतातच, त्यांना कुणीतरी असतं. बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळं आहे असं जाहीर करावं लागतं. सापडलेलं मूल असेल तर आधी पालकांचा शोध, वर्तमानपत्रात जाहिरात. आणि जन्मदात्या आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत ती परत येऊन म्हणू शकते, माझं मला द्या.

हे ऐकून एक गृहस्थ, त्र्यंबक रोडकडचे असावेत, जरा वैतागून म्हणाले, "म्हणजे आपण आशा लावून बसायचं आणि तिने परत न्यायचं?" ताई म्हणाल्या, "साठ दिवस होईपर्यंत ते मूल तुम्हाला दाखवतच नाहीत. तुम्ही कशाला आशा लावाल? आशा तिने लावायची असते." नंतर कुणी काही विचारलं नाही. चहा आला.

आता ताईंच्या पहिल्या भेटीचा दिवस. जानेवारी २०२५, शनिवार. मी ऑडिटची तयारी करावी तशी केली. हॉल रंगवला. गॅलरीतलं भंगार माळ्यावर टाकलं. पुस्तकांच्या फळीवर, जिथे एरवी विजेची बिलं असतात, तिथे शेजाऱ्यांकडून आणलेली मुलांची चार गोष्टींची पुस्तकं उभी केली. आईला निफाडहून आणलं, कारण घरातल्या मोठ्यांशीही बोलतात असं कळलं होतं. येताना गाडीत तिला तीनदा सांगितलं, रक्त हा शब्द काढायचा नाही.

ताई रिक्षाने आल्या. पन्नाशीच्या, पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. नव्या रंगाचा वास येत होता. त्यांनी खोल श्वास घेतला, मान डोलावली आणि काहीच बोलल्या नाहीत. पुस्तकांच्या फळीकडे गेल्या, एक पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं. त्यावर शेजारच्या मुलीचं नाव आणि इयत्ता दुसरी ब. त्यांनी ते परत तसंच ठेवलं. मी ऑडिटरांना आयुष्यभर जे करताना पाहिलं तेच. चूक सापडली की बोलायचं नाही, समोरच्याला कळू द्यायचं की सापडली.

घर त्यांनी पाच मिनिटांत बघितलं. गॅलरीच्या गजांमधलं अंतर जास्त आहे, एवढंच म्हणाल्या. बाकी सगळा वेळ बोलण्यात गेला. अडीच तास. कर्जाचे हप्ते, भांडणं कशावरून होतात, अबोला किती दिवस टिकतो, दारू, आयव्हीएफचं दुःख झालं का, अजून आहे का. मूल रात्री रडत राहिलं आणि तुमच्याकडे यायलाच तयार नसलं तर काय कराल. मूल दत्तक आहे हे त्याला कधी सांगाल. बायकोने सांगितलं, "पहिल्यापासून." मी म्हटलं, "मोठं झाल्यावर, समज आल्यावर." ताईंनी दोन्ही लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात हे ठरलेलं नाही. ठरवा. त्याला बाहेरून कळलं तर तुम्ही लपवलं म्हणून कळेल." अठरा पूर्ण झालं की मूल स्वतः अर्ज करून आपल्या मुळाचा शोध घेऊ शकतं, हेही त्यांनीच सांगितलं. ते ऐकून आई ताठ झाली.

आईची पाळी आली तेव्हा तिने रक्त शब्द काढला नाही. तिने जात काढली. "बाई, ते कुठल्या जातीचं असंल ते तरी कळंल का?" मी डोळे मिटले. ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आजी, उद्या शाळेत कुणी तुमच्या नातवाला जात विचारली तर तो घरी येऊन कुणाला विचारील?" आई म्हणाली, "मला." "मग तुम्ही काय सांगाल?" आईने बराच वेळ पदराशी चाळा केला. "आमचीच सांगंन, दुसरी कुठली सांगू?" ताईंनी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

मग आम्हाला वेगवेगळं बसवलं. बायको आत वीस मिनिटं होती, बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. मला वाटलं माझं पाच मिनिटांत उरकेल. ताईंनी विचारलं, "दादा, तुम्हाला मूल कशासाठी हवंय?"

मी तयारीत होतो. म्हटलं, "हिच्यासाठी."

त्यांनी पेन थांबवलं. "हे असंच लिहू?"

मी म्हटलं, "म्हणजे, तिला फार ओढ आहे. तिच्यासाठी मी काहीही..."

"ते कळलं. ती ओढ मी आत ऐकून आले. मी तुमचं विचारतेय. रात्री दोन वाजता ते पोर उठलं की ते तिच्यासाठी उठणार नाही. ते उठेल आणि समोर जो दिसेल त्याला बघेल. तुम्ही दिसणार आहात का?"

मला उत्तर आलं नाही. खरंच नाही आलं. लाल ट्रेमधल्या शाफ्टला काय वाटतं हे मला अठरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. ताई म्हणाल्या, "घाई नाही. मी अहवाल आज पूर्ण करत नाही. पंधरा दिवसांनी येते. नाही वाटलं तर नाही सांगा. नाही सांगणाऱ्यांना मी वाईट समजत नाही. हो म्हणून नंतर मूल परत आणून देणारे मी पाहिलेत, ते जड जातं." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

माझ्या मते सहा हजारांतले साडेपाच हजार त्या एका प्रश्नाचे.

ते पंधरा दिवस कसे गेले यात नाट्यमय काही नाही. मी फर्स्ट शिफ्टला गेलो, आलो. कुणाचं बाळ बघून मन हललं वगैरे झालं नाही. उलट सोसायटीतलं एक पोरगं लिफ्टमध्ये किंचाळत होतं ते ऐकून वाटलं, नकोच. बायकोने एकदाही विचारलं नाही. ते सगळ्यात अवघड होतं.

आमच्या कंपनीत जानेवारीअखेर शिल्लक रजांचा फॉर्म येतो. पैसे घ्यायचे की रजा पुढे न्यायची. मी दर वर्षी पैसे घेतो. त्याच पैशांतून एकदा फ्रिज आला, एकदा बायकोच्या कानातलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फॉर्म भरताना मी रकान्यापाशी थांबलो. खात्यावर ३१ दिवस होते. मी मनात मोजायला लागलो. पहिले आठ-दहा दिवस दोघांनी घरी राहायचं. मग ती. मग तिची रजा संपली की मी. आई आली तर मधले चार दिवस वाचतील. लसीकरणाचे अर्धे दिवस वेगळे. मी फॉर्मच्या मागे हे सगळं आकड्यांत मांडलं आणि मग लक्षात आलं की मी दत्तक घ्यायचं की नाही यावर विचारच करत नव्हतो. ३१ दिवस पुरत नव्हते, एवढाच प्रश्न होता. मी "पुढे न्यावी" वर टिक केली. शेजारी बसलेला स्टोअरवाला म्हणाला, "काय रे, या वर्षी पैसे नकोत?" शिफारसपत्र त्यानेच दिलं होतं, तरी मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या भेटीला मी पुस्तकं शेजारी परत दिली होती. ताईंनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "कशासाठी ते अजून नीट सांगता येत नाही. पण मी एकतीस रजा राखून ठेवल्यात." फॉर्मचा फोटो फोनमध्ये होता, तो दाखवला. मागच्या बाजूचा हिशोबही. त्यांनी चष्मा वर करून तो सगळा वाचला. "लसीकरणाला अर्धा दिवस पुरत नाही, पूर्ण धरा," म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. बायको दारात उभी होती. तिला हे माहीत नव्हतं. ती कानातल्याला हात लावून उभी होती.

अहवाल फेब्रुवारीत अपलोड झाला, तीन वर्षांसाठी वैध. आता यादीत आहोत. यादी लांब आहे. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि तो बारा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा होता. वाट बघणारे आईबाप त्याच्या कितीतरी पट. आमच्यासारख्यांना, लहान आणि निरोगी मूल मागणाऱ्यांना, तीन वर्षांहून जास्त धरून चालायला सांगतात. पाळी आली की मुलाचा फोटो, त्याची माहिती देणारा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो आणि ४८ तासांत ते मूल राखून ठेवायचं की नाही हे कळवायचं असतं. पुढचा आदेश २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी काढतात. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कुणीतरी बघायला येणार. येऊ दे. रंग देणार नाही.

त्या ४८ तासांची मला भीती आहे, ते लिहून टाकतो. समोर मुलाचे रिपोर्ट आणि हातात दोन दिवस. माझे हात काय करतील ते मला माहीत आहे. ते माप काढायला जातील. बायकोने उपाय काढलाय. तो मेसेज आला की फोटो ती आधी बघणार आणि मला दोन तासांनी दाखवणार. रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांकडे न्यायचे, ते वाचून सांगतील, मी आकडे वाचायचे नाहीत. मी कबूल केलंय.

जायचं असेल त्यांना माझ्याकडून एवढंच. दोघांनी जा, एकाने दुसऱ्याला ओढून नेऊ नका. टेबलावरचा माणूस काय बोलतो ते मनावर घेऊ नका, पण ऐकूनही घेऊ नका. पैसे ऑनलाइन भरा, पावती ठेवा. घर रंगवू नका, वासाने डोकं दुखतं आणि कुणी फसत नाही. गॅलरीचे गज मात्र आधीच बघून घ्या. आमचे साडेपाच इंचांवर होते, मी व्हर्नियर घरी आणून मोजले. अंबडच्या फॅब्रिकेटरने मध्ये एकेक गज वाढवून दिला, त्याचे चार हजार दोनशे.

या जानेवारीत रजेचा फॉर्म पुन्हा आला. पुन्हा "पुढे न्यावी". आता ५४ झाल्यात. कंपनीत साठच्या वर रजा साठवता येत नाही, वरच्या बुडतात. यादी जशी सरकतेय त्यावरून पुढच्या वर्षी माझ्या काही बुडणार हे नक्की. एचआरच्या पोराला विचारून ठेवलंय, काही सूट मिळते का. तो म्हणाला, कारण काय लिहू?